गर्डरवरची सही

१

वर दादा, खाली शेपूट. क्रेनला वीज जोडायचं काम निघालं की दोघा भावांची वाटणी ही अशी ठरलेली.

शेडच्या दोन्ही अंगांना छताखालून लोखंडी गर्डर जातात, गर्डरवर रूळ असतात आणि रुळांवर क्रेन. एका गर्डरच्या पोटाशी तांब्याच्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतात. क्रेन जाईल तिथे तिचे लोखंडी हात त्या पट्ट्यांवर घासत जातात आणि वीज उचलतात. खालून केबल वर न्यायची आणि पट्ट्यांना जोडायची, हे थोरल्याचं काम. खाली खांबावर मेन स्विचची पेटी. तिच्या मुठीपाशी उभं राहायचं आणि वरून सांगितल्याशिवाय मूठ वर करायची नाही, हे धाकट्याचं.

आता चालू शेडमध्ये वरून ओरडून सांगितलेलं खाली कोणाच्या बापाला ऐकू येतं? म्हणून पाना. पाना गर्डरवर ठोकायचा. एक ठोका म्हणजे थांब, बंद कर. दोन ठोके म्हणजे दे. एवढीच भाषा. ठोका गर्डरमधून खांबात उतरायचा, खांबातून पेटीत, आणि मुठीवर ठेवलेल्या तळव्याला तो कानाच्या आधी कळायचा. धाकट्याचा हात डोक्याला न विचारता हलायचा. शाळेत तो काही शिकला नाही, पण हे शिकला. कोवळ्या वयात थोरल्याने हाताला धरून कामावर आणलं, तेव्हापासून तो त्याच्या मागेच. म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणत.

दादाची एक खोड होती. ठोके देऊन झाले की तो पाना गर्डरवरून वीतभर ओढायचा. खर्रर्र. त्याची काही गरज नव्हती. बरोबरचे चिडवायचे, की याला कागदावर सही येत नाही म्हणून लोखंडावर करतो. दादा हसून म्हणायचा, "पण माझी सही कुणाला खोटी करता यायची नाही."

तो गेला त्या दिवशी धाकटा घरी तापाने फणफणला होता. मुठीपाशी मुकादम उभा होता. हे मुकादम म्हणजे दोघा भावांना काम शिकवणारे, दोघं त्यांना काका म्हणत. दादाचे दोन्ही हात पट्टीवर असताना काकांनी मूठ वर केली. नंतर त्यांनी सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, दोन ठोके आले म्हणून दिली. ऑफिसने त्यावरून ठरवलं, की चूक मरणाऱ्याची. त्याने स्वतःच वीज मागितली आणि हात काढायला विसरला.

धाकटा डोक्यात राख घालून शेडमध्ये शिरला आणि त्याने चारचौघांत म्हाताऱ्याची गचांडी धरली. माझा भाऊ काय स्वतःच्या मरणाला आवतण देत होता का, असं तो विचारत राहिला. सोडवायला आलेल्यांनाच मुकादमांनी मागे व्हायला सांगितलं. त्या दिवसापासून धाकट्याच्या तोंडून काका हा शब्द गेला. तो त्यांना पाण्यात पाहायला लागला.

दादाच्या वस्तू घरी आल्या. डबा, हातमोजे, टेस्टर, काच तडकलेलं घड्याळ. पाना आला नाही. मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेला, आठ वर्षांचं पोरही ओळखेल असा पाना. खाली शोधला, वर शोधला, क्रेनच्या खोबणीत हात घालघालून शोधला. नाही म्हणजे नाही.

२

क्रेन कित्येक महिने बंद राहिली. मग जळालेल्या पट्ट्या काढून दुसऱ्या कोणीतरी नव्या बसवल्या. केबल जोडायची तेवढी राहिली, आणि ते काम पुन्हा मुकादमांकडे आलं. धाकट्याच्या कानावर गेलं तसा तो त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. जोडणी मी करणार, म्हणाला. मुकादमांनी होकाराची मान हलवली.

घरी त्याने सांगितलंच नव्हतं. पण डबा भरताना वहिनीने त्याच्या पिशवीतला सुरक्षेचा पट्टा पाहिला. तिने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"एकाला त्या क्रेनने नेलं," ती म्हणाली. "तुम्ही स्वतःच्या पायाने चाललाय. कशाला?"

"बघून येतो."

"काय बघायचंय तिथं?"

आत आई झोपली होती, की झोपेचं सोंग करत होती. तो डबा न घेताच निघाला.

सुट्टीचा दिवस होता. शेडमध्ये एकही यंत्र चालू नव्हतं. रोज जिथे कानाचे पडदे फाटतात तिथे आज आपलीच चप्पल आपल्याला ऐकू येत होती. छताच्या पत्र्यांमध्ये उजेडासाठी काही पांढरे पत्रे घातलेले, त्यांच्यातून उन्हाचे चौकोन खाली फरशीवर पडले होते. वर, पार दुसऱ्या टोकाला, क्रेन उभी होती. तिचा आकडा अर्ध्यावर लोंबत होता. त्याच्यावर कबुतरांनी आपली कामगिरी करून ठेवली होती.

मुकादम पेटीपाशी उभे होते. दोन्ही हात काखेत दाबलेले. धाकट्याला आधी वाटलं, थंडी वाजतेय की काय. मग लक्षात आलं, की ते पेटीपाशी आले की हात असेच बांधून ठेवतात, मुठीला चुकूनही लागू नयेत म्हणून. त्याला हसू आलं आणि ते आवडलंही. भोग म्हणावं.

दादा गेल्यापासून नवा नियम निघाला होता. वर जाणाऱ्याने मेन स्विचची मूठ खाली ओढायची, तिला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून वर चढायचं. खालच्याने मनात आणलं तरी मूठ हलणार नाही. हा शहाणपणा आधी सुचला असता तर, असं मुकादमांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत धाकट्याने कुलूप घातलं. हिसडा देऊन पाहिलं. किल्ली खिशात टाकली आणि शिडी चढला.

वर गर्डरच्या कडेने जायला जेमतेम माणूस मावेल एवढी वाट. इतक्या महिन्यांची धूळ तिच्यावर गादीसारखी पसरली होती. पट्ट्या बसवणाऱ्यांच्या पावलांचे ठसेसुद्धा त्या धुळीत पुन्हा बुजत आले होते. सगळीकडे मऊ, करडं, मेलेलं. धाकटा जपून पावलं टाकत जोडणीच्या जागेपाशी आला. इथेच. त्याने ठरवलं होतं की इथे आल्यावर रडायचं नाही. रडू आलंच नाही, कारण त्याची नजर दुसरीकडे गेली.

गर्डरच्या कडेवर एक जागा होती. दादा नेहमी जिथे ठोकायचा तीच. ठोकून ठोकून तिथला रंग उडालेला, लोखंड उघडं पडलेलं. पण उघडं लोखंड इतके महिने असंच राहिलं तर त्याच्यावर गंज चढतो. हे सांगायला शाळा लागत नाही.

ती जागा चकचकीत होती. वहिनीने नुकत्याच घासलेल्या कढईसारखी. तिच्यावर धुळीचा कणसुद्धा नव्हता.

त्याने बोट फिरवलं. मग उगाच ते बोट पँटला पुसलं.

३

पट्ट्या बसवणाऱ्यांनी ठोकलं असेल. हाच विचार त्याने घट्ट धरला आणि कामाला लागला. पट्टा अडकवला, टेस्टर लावून पट्टी मेलेली आहे ना पाहिलं, मग हाताच्या पाठीने शिवून पाहिलं. दादाने शिकवलेलं. वीज असलीच तर हात आखडतो आणि आपोआप मागे फेकला जातो, तळव्याने धरलं तर मूठ मिटते आणि सुटत नाही.

पट्टी थंड होती. त्याने केबलचं टोक सोललं, तारांवर बोल्टसाठी भोक असलेली तांब्याची टोपी चढवली, ती दाबून घट्ट केली. हात कामात गुंतले की डोकं गप्प बसतं, हा त्याचा अनुभव. खरं तर थोडं बरंही वाटायला लागलं होतं.

तेव्हा ठोके आले.

ठण्. ठण्.

दोन. गर्डरमधून थेट त्याच्या गुडघ्यात. तो त्या गर्डरवरच टेकून बसला होता. आवाज त्याच्या पलीकडून आला, क्रेन उभी होती त्या टोकाकडून.

पहिला विचार आला तो किल्लीचा. खिशावर हात गेला. आहे. मग त्याने खाली वाकून पाहिलं. मुकादम पेटीपासून चांगले लांब सरकले होते. हात काखेत होतेच. मान वर केलेली, आणि चेहऱ्यावर असं काही, की धाकट्याला तो चेहरा उन्हाच्या चौकोनात नको तितका स्पष्ट दिसला.

"तू दिलेस का रे?" त्यांनी विचारलं. रिकाम्या शेडमध्ये ओरडायची गरज नव्हती.

"पत्रे तापलेत," धाकटा म्हणाला.

पत्रे तापले की कडकड वाजतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते कसे वाजतात, हेही ठाऊक होतं.

धाकटा उलटसुलट विचार करत राहिला. म्हाताऱ्याने कोणाला तरी वर चढवून ठेवलंय. आपली गोष्ट खरी ठरावी म्हणून नाटक चाललंय. हा विचार सुचला तसं त्याचं रक्त तापलं, आणि भीतीपेक्षा राग नेहमीच सोयीचा असतो. तो गर्डरच्या वाटेकडे बघत बसला. दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ. धूळ. क्रेनची काळी कड. लपायला जागा असलीच तर तिच्यामागे, पण तिथवर कोणी गेलं असतं तर या धुळीतून गेलं असतं.

धुळीत त्याच्या पुढे एकही ताजं पाऊल नव्हतं.

पुन्हा दोन आले. तसेच. कोरडे, सरळ, शेवटी काही नाही.

ठोक्यांमागे नसलेली ती खरखर त्याला झोंबली. दादाने जन्मात कधी असे ठोके दिले नाहीत. एवढंच नाटक करायचं होतं तर नीट तरी करायचं. रागाच्या भरात त्याने स्वतःचा पाना उचलला आणि त्या चकचकीत जागेवर हाणला. ठण्, ठण्. आणि मग वीतभर ओढला. खर्रर्र.

"असं वाजवायचं असतं," तो त्या टोकाकडे बघून म्हणाला. "आधी शिकून या."

पलीकडे शांतता झाली. नुसती शांतता वेगळी आणि कोणी कान देऊन गप्प बसलंय ती वेगळी. धाकट्याला हा फरक कळला, आणि आपल्याला तो कळला हे त्याला आवडलं नाही.

४

त्याच्या हातून बोल्ट निसटला. मग दुसरा. दोन्ही टणटण करत फरशीवर गेले आणि मुकादमांनी खालून त्याला उतरायला सांगितलं. थरथरत्या हाताने कसलेला बोल्ट उद्या ठिणग्या टाकतो, एवढंच म्हणाले. आवळण्याचं काम तेवढं राहिलंय, ते मी करतो.

धाकटा खाली आला. दोघं समोरासमोर उभे राहिले. मुकादमांना काहीतरी विचारायचं होतं आणि धाकट्याने मान फिरवून ते विचारू दिलं नाही. ऐकलं म्हणून कबूल करणं म्हणजे म्हातारा खरं बोलत होता हे कबूल करणं. इतके महिने तो त्याच एका गोष्टीवर उभा होता. ती काढून घेतली तर खाली काही नव्हतं.

त्याने आपलं कुलूप काढलं, मुकादमांनी त्यांचं घातलं. जुनं, पितळी, मोठं. किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली. मग दर पायरीला दम घेत ते शिडी चढले. या वयात त्यांनी वर चढायला नको होतं, हे धाकट्याला दिसत होतं. पण त्याने दिसू दिलं नाही.

तो पेटीपाशी उभा राहिला, आपल्या जुन्या जागी. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. सवयीने उजवा तळवा मुठीवर गेला. मूठ गार होती. वरून पान्याची कुरकुर येत होती, बोल्ट आवळल्याची. मुकादमांचा अधूनमधून खोकला. किती वेळ गेला कोण जाणे. त्या कुरकुरीत त्याला डुलकीसारखं काहीतरी आलं. वर दादा, खाली शेपूट. जेवायच्या सुट्टीला आता थोडाच वेळ उरलाय. दादा उतरेल आणि हात न धुता डब्यात घालेल.

ठण्. ठण्. खर्रर्र.

त्याचा हात वर गेला.

डोक्याला न विचारता गेला. सगळ्या जोराने, खांद्यापासून गेला. मूठ कुलपावर आदळली आणि अडली, तरी हात थांबेना. त्याने दुसरा हातही लावला. कुलपाची कडी तळव्यात रुतली, कातडं फाटलं, पेटीचा पत्रा कुईं करून वाकला, आणि तो ओढतच राहिला. दादा दे म्हणतोय. दादा वर थांबलाय. मी तापाने पडलो होतो, आज मी आहे, आज मीच देणार.

रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तेव्हा तो भानावर आला.

त्याने वर पाहिलं.

मुकादम जोडणीपाशी गुडघ्यांवर बसले होते. त्यांचे दोन्ही हात पट्टीवर होते. एका हाताने केबल धरलेली, दुसऱ्याने बोल्ट चिमटीत पकडलेला. त्यांचा पाना दोरीने कमरेला लोंबत होता. ते दगडासारखे थांबले होते आणि मान मागे वळवून क्रेनच्या टोकाकडे पाहत होते.

धाकट्यानेही तिकडे पाहिलं. उन्हाचा चौकोन सरकत सरकत गर्डरच्या त्या टोकाला पोचला होता. क्रेनच्या काळ्या कडेमागून एक कोपर बाहेर आलं होतं. बसलेल्या माणसाचं, गुडघ्यावर टेकलेलं. त्याच्यापुढे मनगट असायला हवं होतं तिथे सावली होती, आणि सावलीपुढे, उजेडात, पान्याच्या मुठीची निळी चिकटपट्टी.

छतावरून कबुतर उडालं. नजर क्षणभर तिकडे गेली. परत पाहिलं तेव्हा क्रेनची कड होती आणि ऊन.

५

मुकादमांनी काम सोडलं नाही. राहिलेले बोल्ट आवळले, मगच उतरले. खाली आल्यावर त्यांनी वाकलेला पत्रा पाहिला, कुलपाला लागलेलं रक्त पाहिलं, धाकट्याचा तळवा पाहिला. आपलं उपरणं फाडून त्यांनी तो बांधला. कुलूप नसतं तर काय झालं असतं, हे दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

"खरखर होती," मुकादम म्हणाले.

"होती."

"त्या दिवशी नव्हती." गाठ मारता मारता ते थांबले. "नुसते दोन आले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्याने कधी खरखर सोडली नाही." मग हळूच, "मघाशी वर असताना तू वाजवून दाखवलीस का?"

धाकट्याने होकाराची मान हलवली. मुकादम केबलच्या रिकाम्या रिळावर बसले.

"त्या दिवशीचं अजून एक आहे," ते म्हणाले. "मी वीज दिली आणि लगेच एकेक यायला लागले. थांब, थांब, थांब. एकाला लागून एक, एक हात कसाबसा सुटला असावा त्याचा. मी मूठ ओढली रे. पण ती ओढेपर्यंत जे व्हायचं ते झालं. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईला काय सांगणार होतो, की तो थांब म्हणत होता?"

इतके दिवस धाकट्याला वाटायचं की दादा कळायच्या आत गेला असेल. सगळे तसंच सांगत होते.

मुकादमांचं म्हणणं पडलं, की आज वीज द्यायची नाही. साहेबाला सांगू जोडणीत खोट आहे, सांगू काहीही. त्यांचं बोलणं संपतंय तोवर साहेब आलेच. सुट्टीच्या दिवशी घरून यावं लागल्यामुळे कावलेले, पण भला माणूस. त्यांनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला, भावाची आठवण काढली, हाताला काय झालं विचारलं. मग पट्ट्यांची तपासणी झाली. यंत्राचा काटा जिथे दाखवायचा तिथे दाखवत होता. वर कोणी नव्हतं, मुकादमांनी आणि साहेबांनी दोघांनी शिडीवर चढून खात्री करून घेतली. कुलूप निघालं.

"मी देणार नाही," मुकादम म्हणाले. हात पुन्हा काखेत गेले होते.

"मी देतो," धाकटा म्हणाला.

मुकादमांनी त्याच्याकडे पाहिलं. तो इतक्या लगबगीने पुढे झाला होता, की त्याला दादाला पुन्हा ऐकायचंय हे त्यांना कळलं असावं.

साहेब क्रेन चालवायच्या बटणांची पेटी हातात घेऊन शेडच्या मध्ये जाऊन उभे राहिले. धाकट्याने बांधलेला तळवा मुठीवर ठेवला आणि मूठ वर केली.

खट्ट. पार दुसऱ्या टोकाला क्रेनच्या कपाळावरचा हिरवा दिवा लागला. एक बारीक गुणगुण छतभर पसरली. साहेबांनी समाधानाने मान हलवली.

ठण्.

एक.

ठण्. मग लगेच, ठण्.

"पट्ट्या तापायला लागल्या की वाजतात," साहेब तिकडून म्हणाले. "बसतील जागेवर."

ठण्. ठण्. ठण्. त्यांच्यात मोजायला जागा नव्हती. कोणी घाईघाईने, मिळेल तिथे ठोकत होतं. लोखंडातून ते खांबात येत होते, खांबातून पेटीत, पेटीतून त्याच्या फाटलेल्या तळव्यात. प्रत्येक ठोका वेगळा कळत होता. त्याने आज दोन ठोके वाजवून दाखवले होते. खरखर वाजवून दाखवली होती. एक ठोका त्याने वाजवलाच नव्हता. मग हा कोणी शिकवला? हा कोणी शिकवलेला नाही. हा दादा आहे.

आणि त्याला थांब म्हणायचंय.

"ओढ," मुकादम म्हणाले. ते जवळ आले होते. "खाली ओढ रे. त्याला सोसवत नाहीये."

धाकट्याला ऐकू आलं. हातालाही कळलं होतं. एक म्हणजे बंद कर, हे त्याच्या हाताला त्याच्या नावाआधी कळायचं. पण मूठ खाली केली की वीज जाणार, वीज गेली की आवाज जाणार, आणि मग घरी जायचं. वहिनी विचारणार, काय बघितलंत. आई झोपेचं सोंग करून ऐकणार. डबा तसाच ओट्यावर असणार.

त्याने दुसराही हात मुठीवर घातला आणि ती वर दाबून धरली.

"शेपट्या," मुकादम म्हणाले. दादा गेल्यापासून त्याला या नावाने कोणी हाक मारली नव्हती. "बाळा, तो थांब म्हणतोय."

"बोलू दे त्याला," धाकटा म्हणाला. "थोडं बोलू दे, काका."

मुकादमांनी काखेतले हात काढून इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मुठीला घातले. त्याच्या बोटांमध्ये आपली बोटं खुपसली आणि एकेक बोट सोडवायला लागले. बोटं सुटत नव्हती. वरचे ठोके आता विरळ होत चालले होते, हातातलं बळ संपत आल्यासारखे. धाकट्याने कपाळ पेटीच्या पत्र्याला टेकवलं, म्हणजे नीट ऐकू येईल.